खेळातील वर्ग आणि प्रदेश : गंजिफापासून ऑनलाइन भूमिका-खेळापर्यंत

बीजसंज्ञा : गंजिफा, दशावतार, आईन-इ-अकबरी, ऑनलाइन भूमिका-खेळ, वर्ग, प्रदेश, अपडेट, अभिलेख

प्रस्तावना

खेळांचा इतिहास हा मराठी इतिहासलेखनात दीर्घकाळ उपेक्षित राहिलेला विषय होय. राजकीय घडामोडी, जमीन महसूल, भक्तिसंप्रदाय यांवर विपुल लेखन झाले. परंतु त्याच काळातील माणसे सायंकाळी कोणता डाव मांडून बसत होती, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेले नाही. संगणकावरील खेळांच्या बाबतीत तर ते इतिहासाचे साधन होऊ शकतात, हेच अनेकांना मान्य नसते. प्रस्तुत निबंधात या दोहोंना एकत्र आणून एका मर्यादित प्रश्नाचा विचार केला आहे. खेळात नवा वर्ग किंवा नवा प्रदेश दाखल होतो तेव्हा तो बदल करण्याचा अधिकार कोणाकडे असतो आणि जुन्या खेळाचे पुढे काय होते, हा तो प्रश्न होय.

ज्या वाचकांचा या खेळांशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. ऑनलाइन भूमिका-खेळात हजारो खेळाडू इंटरनेटद्वारे एकाच वेळी एका काल्पनिक जगात वावरतात. प्रारंभी प्रत्येकाने आपल्या पात्राचा ‘वर्ग’ निवडायचा असतो. योद्धा, मांत्रिक, पुरोहित, शिकारी असे हे वर्ग असून प्रत्येकाची शस्त्रे, सामर्थ्य आणि उणिवा ठरलेल्या असतात. हे जग ‘प्रदेशां’मध्ये विभागलेले असते. खेळाची मालक कंपनी ठरावीक काळाने त्यात बदल करते. नवा वर्ग आणते, नवा प्रदेश खुला करते, जुन्या वर्गाचे बळ कमी-अधिक करते. या बदलास ‘अपडेट’ म्हणतात आणि तो मोठा असल्यास त्याची ‘विस्तार’ म्हणून स्वतंत्र विक्री होते.

हे सारे नवे आहे, असे वरकरणी वाटते. वस्तुतः वर्ग आणि प्रदेश यांच्या आधारे काल्पनिक जग रचणे व ते वेळोवेळी बदलणे हा प्रकार आपल्याकडे किमान साडेचारशे वर्षे चालत आलेला आहे. नवे आहे ते वेगळेच, आणि ते काय हे पाहण्यासाठी आधी सोळाव्या शतकात जावे लागते.

आईन-इ-अकबरीतील बारा वर्ग

गंजिफा हा गोल पत्त्यांचा खेळ इराणातून हिंदुस्थानात आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठविल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रात आहे. तथापि खेळाचे तपशीलवार वर्णन प्रथम मिळते ते अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या या ग्रंथात महसूल, टांकसाळ आणि फौज यांच्या जोडीने बादशहाच्या करमणुकीचीही नोंद घेतलेली आहे. अबुल फजल प्रथम बारा रंगांच्या, प्रत्येक रंगात बारा पत्ते असलेल्या, म्हणजे एकूण १४४ पत्त्यांच्या खेळाचे वर्णन करतो. प्रत्येक रंगात एक राजा, एक वजीर आणि एक ते दहा असे पत्ते असत. रंग म्हणजे येथे राजाचा एकेक प्रकार.

पहिला अश्वपती, तो दिल्लीच्या बादशहासारखा घोड्यावर बसलेला. दुसरा गजपती, ज्याचे बळ हत्तींत आहे असा राजा. उदाहरण ओरिसाच्या अधिपतीचे. तिसरा नरपती, पायदळावर ज्याची सत्ता उभी आहे असा. आणि उदाहरण विजापूरच्या शासकांचे. पुढे गढपती, म्हणजे किल्ल्यावर सिंहासन मांडून बसलेला राजा, ज्याच्या रंगातील पत्त्यांवर एक ते दहा किल्ले चितारलेले असत. त्यानंतर धनपती, चिलखतधारी योद्ध्यांनी वेढलेला दलपती आणि जहाजात बसलेला नौपती. आठव्या रंगात राजा नसून राणी आहे. तिची वजीरही स्त्री आणि उर्वरित दहा पत्त्यांवरही स्त्रियाच. नववा सुरपती इंद्र. दहावा असुरपती, आणि त्या ठिकाणी दाऊदपुत्र सुलेमान विराजमान आहे, कारण जिन त्याच्या आज्ञेत होते. अकरावा वनपती वाघ व त्याचा वजीर बिबट्या, तर बारावा अहिपती सर्पराज.

आजच्या कोणत्याही ऑनलाइन खेळाच्या वर्गयादीशेजारी ही यादी ठेवून पाहावी. इंद्र आणि सुलेमान एकाच पंक्तीत, वाघ आणि दिल्लीचा बादशहा एकाच डावात! कल्पनासृष्टी आणि राजकीय भूगोल यांची अशी सरमिसळ करताना सोळाव्या शतकातील खेळरचनाकारास कोणताही संकोच वाटलेला दिसत नाही.

या यादीतील तिसऱ्या रंगाकडे धाराशिव जिल्ह्यातील वाचकाने विशेष लक्ष द्यावे. ‘आईन’ लिहिली जात होती तेव्हा नळदुर्ग आदिलशाहीत होता. पहिल्या अली आदिलशहाने त्याची तटबंदी भक्कम केली आणि पुढे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत बोरी नदी अडवून तेथे पाणीमहाल बांधला गेला. म्हणजेच मुघल दरबारातील पत्त्यांच्या हिशेबाने नळदुर्गचा मुलूख ‘नरपती’च्या रंगात मोडत होता. याच जिल्ह्यातील परंड्याचा किल्ला त्या वेळी अहमदनगरच्या निजामशाहीकडे होता, आणि निजामशाहीला मात्र या बारा रंगांत स्वतःचे स्थान नाही. खेळाच्या नकाशावर कोणाला प्रदेश मिळतो आणि कोण वगळला जातो, हा प्रश्न तेव्हाही होताच.

‘नरपती’ हे बिरुद मुळात विजापूरचे नव्हे. दक्षिणेतील परंपरेत गजपती म्हणजे ओरिसाचे राजे, अश्वपती म्हणजे उत्तरेचे मुसलमान सुलतान आणि नरपती म्हणजे विजयनगरचे राजे अशी त्रयी रूढ होती. १५६५ च्या तालिकोट युद्धानंतर विजयनगरचे वर्चस्व ओसरले. रिकाम्या झालेल्या त्या जागी दक्षिणेतील प्रबळ सत्ता म्हणून विजापूरचे नाव आले असावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वर्गाचे नाव तेच राहिले. त्याखालचा प्रदेश बदलला.

अकबराने या खेळात बदल केले, असे अबुल फजल पुढे सांगतो. ते मोठे अर्थपूर्ण आहेत. धनपतीच्या रंगात राजा धन वाटताना आणि वजीर खजिन्याची तपासणी करताना दाखविला गेला, तर खालच्या पत्त्यांवर जवाहिऱ्या, धातू वितळविणारा, वजन करणारा, नाणी पाडणारा असे टांकसाळीचे व खजिन्याचे कारागीर आले. बरात, म्हणजे दस्तऐवजांच्या रंगात राजा फर्माने पाहतो, वजीर दफ्तर घेऊन बसतो आणि खाली कागद तयार करणारे, कारकून व नक्षीकार दिसतात. ताज, समशेर, गुलाम, चंग, रौप्यनाणे, सुवर्णनाणे, बरात आणि किमाश अशा आठ रंगांचा, ९६ पत्त्यांचा संच हाच पुढे ‘मुघल गंजिफा’ म्हणून स्थिरावला. आठ रंगांचा खेळ इराणात त्याआधीही ज्ञात होता. परंतु पत्त्यांवर राज्यकारभाराची खाती चितारणे हा अकबरी दरबाराचा विशेष म्हणता येईल. वाघ, सर्प आणि जिन गेले, त्यांच्या जागी कारखान्यातील माणसे आली. स्त्रियांचा रंगही गेला. साम्राज्याची जुळवाजुळव चालू असताना खेळाची वर्गयादी अशी कार्यालयीन व्हावी, हा योगायोग नव्हे.

दशावतारी गंजिफा

महाराष्ट्रात गंजिफाचे जे रूप रुजले ते दशावतारी. दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते, एकूण १२०. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की हे दहा राजे आणि प्रत्येकाचा एक प्रधान. बहुधा तिघे खेळाडू ४० पत्ते घेऊन बसत. पहिल्या पाच अवतारांच्या रंगांत प्रधानाखालोखाल दश्शा श्रेष्ठ आणि एक्का कनिष्ठ. नंतरच्या पाच रंगांत हा क्रम उलटा, एक्का श्रेष्ठ व दश्शा कनिष्ठ. दिवसा खेळताना ज्याच्या हाती रामाचा राजा असेल त्याने डावाची सुरुवात करावयाची, रात्री कृष्णाच्या राजाने. रामाचा वंश सूर्याचा आणि कृष्णाचा चंद्राचा, हे खेळाडूला ठाऊक असते असे येथे गृहीत धरलेले आहे. मुघल संचातही दिवसा सुवर्णनाण्याचा आणि रात्री रौप्यनाण्याचा राजा उतरत असे. तीच चौकट येथे पुराणकथेच्या आशयाने भरून काढली गेली. आजचा खेळरचनाकार यालाच ‘वर्गांचा समतोल’ म्हणतो; कोणताही रंग सर्वकाळ प्रबळ राहू नये, यासाठी केलेली ती योजना होती.

नवव्या अवताराची जागा प्रदेशागणिक बदलत गेली, हे अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक. ओरिसात त्या ठिकाणी जगन्नाथ येतो, तर काही संचांत बलराम. महाराष्ट्रातील दशावतारांच्या चित्रपरंपरेत, विशेषतः जुन्या पंचांगांवरील चित्रांत, बुद्धाच्या जागी कटीवर कर ठेवून विठ्ठल उभा असलेला आढळतो. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात विठ्ठल आणि बुद्ध यांच्या या एकरूपतेची सविस्तर चर्चा केली आहे. जागा एक, वर्ग एक. पण पुरीच्या खेळाडूस तेथे पुरीचा देव दिसतो आणि पंढरीच्या वाटेवरील माणसास पंढरीचा. यासाठी कोणत्याही केंद्रीय सत्तेची अनुज्ञा लागली नाही. चिताऱ्याने चित्र बदलले आणि गिऱ्हाइकाने ते स्वीकारले, एवढ्यावर हा ‘अपडेट’ पूर्ण झाला.

अर्थात अशी वर्गयादी निरुपद्रवी असतेच, असे समजण्याचे कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक प्रतिज्ञा बुद्धाला विष्णूचा अवतार मानण्यास नकार देणारी आहे. मराठवाड्यातील बौद्ध घरात वाढलेल्या विद्यार्थ्यास दशावतारी संचातील नववा रंग हे समन्वयाचे प्रतीक न वाटता बळकावणी वाटू शकेल, आणि त्याचे हे वाचन इतिहासाच्या दृष्टीने तितकेच अधिकृत होय. एखाद्याला कोणत्या वर्गात बसवायचे हे तो स्वतः ठरवितो की दुसरा कोणी, हा खेळापुरता प्रश्न नव्हे.

सावंतवाडी हे महाराष्ट्रातील गंजिफाचे प्रमुख केंद्र. येथील चितारी कारागीर कापड किंवा कागदाच्या थरांना चिंचोक्याची खळ लावून, खडूचा लेप देऊन, घोटून, त्यावर रंगकाम व लाखेचा हात देत. हस्तिदंतासारख्या मौल्यवान द्रव्यांचे संच ‘दरबार कलम’ आणि सामान्यांसाठीचे ‘बाजार कलम’ अशी विभागणी सर्वत्र होती. छापील बावन पत्ते आल्यावर हा धंदा झपाट्याने खालावला. इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर यांनी दहा अवतारांना घराबाहेर काढले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ही विद्या समजून घेऊन राजवाड्यात तिचे पुनरुज्जीवन केले. आज तेथे संच तयार होतात आणि विकतही मिळतात. मात्र ते घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना डाव कसा लावायचा हे माहीत नसते. वस्तू वाचली, खेळ मागे पडला.

प्रादेशिक भेद आणि त्यांचे आयुष्य

गंजिफाच्या प्रादेशिक आवृत्त्यांची संख्या थक्क करणारी आहे. बंगालमध्ये बिष्णुपूरचे दशावतार तास, ओरिसातील रामायणावर आधारित गंजपा, नऊ ग्रहांचा १०८ पत्त्यांचा नवग्रह गंजिफा, बारा राशींचा संच असे कितीतरी प्रकार झाले. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडेयर यांनी एकोणिसाव्या शतकात अनेक नवे खेळ रचले. त्यांपैकी काहींत पत्त्यांची संख्या ३६० पर्यंत जाते. राजाने निर्माण केलेले हे भव्य खेळ राजवाड्याबाहेर फारसे गेले नाहीत. सत्ताधीशाने केलेला विस्तार लोकांनी स्वीकारलाच पाहिजे असे नव्हते, हा मुद्दा येथे महत्त्वाचा.

बुद्धिबळातही हेच घडले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात एक घर तिरपे चालणाऱ्या वजिराची राणी झाली आणि ती पटावरील सर्वांत समर्थ मोहरा बनली. वर्गबलातील इतका मोठा बदल जगाच्या खेळेतिहासात क्वचितच झाला असेल. तथापि हिंदुस्थानात प्यादे पहिल्या खेपेसही एकच घर सरकविण्यासारखे देशी नियम विसाव्या शतकापर्यंत टिकून होते. मीर सुलतान खान हा पंजाबचा खेळाडू देशी नियमांत तयार झाला, नंतर पाश्चात्त्य नियम शिकला आणि १९२९, १९३२ व १९३३ मध्ये ब्रिटिश विजेता ठरला. एका माणसाने एकाच खेळाच्या दोन आवृत्त्या आपल्या हयातीत वापरल्या. दोन्ही जिवंत होत्या म्हणूनच हे शक्य झाले.

मोक्षपटाचा उल्लेखही येथे अपरिहार्य आहे. परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानदेवांकडे देते. उपलब्ध पट मात्र पुष्कळ उत्तरकालीन आहेत. वैष्णव पटांत ७२ घरे, जैन पटांत ८४, सूफी पटांत सुमारे शंभर. घर म्हणजे येथे प्रदेशच; काम, क्रोध, सत्संग, तपोलोक, वैकुंठ अशी त्यांची नावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात पोचला, घरांची नावे पुसली जाऊन केवळ आकडे उरले आणि तीच ‘सापशिडी’ परत आपल्याकडे आली. असे असूनही जुने पट संग्रहालयांतून व खासगी संग्रहांतून आजही पाहता येतात.

ऑनलाइन खेळातील वर्गबदल

पाश्चात्त्य भूमिका-खेळाची सुरुवात १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने झाली. तो कागद, फासे आणि संभाषण यांवर चालणारा खेळ होता. त्यात आरंभी तीनच वर्ग होते : लढवय्या, मांत्रिक आणि पुरोहित. १९७५ च्या पुरवणी पुस्तिकेने चोर हा चौथा वर्ग आणला. ज्यांनी ती पुस्तिका घेतली नाही ते तीन वर्गांवर खेळत राहिले. त्यांना कोणी अडविले नाही. म्हणजे येथवरची रीत गंजिफाचीच होती.

१९७८ मध्ये इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी संगणकाच्या जाळ्यावर अनेकांनी एकत्र खेळावयाचे पहिले शब्दमय जग उभारले. तेथे परिस्थिती पालटली, कारण खेळाचे जग आता खेळाडूच्या घरी नव्हते, ते संस्थेच्या यंत्रावर होते. १९९९ चा ‘एव्हरक्वेस्ट’ १४ वर्गांनिशी सुरू झाला. २००१ मध्ये त्यात चंद्रावरील नव्या प्रदेशासह पंधरावा आणि २००४ मध्ये सोळावा वर्ग आला. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये नऊ वर्ग होते. त्यांपैकी पॅलाडिन हा धर्मयोद्धा एका पक्षाकडे आणि शमन दुसऱ्या पक्षाकडेच असे. जानेवारी २००७ च्या विस्ताराने हे बंधन उठविले. पुढे २००८ मध्ये डेथ नाइट, २०१२ मध्ये मंक, २०१६ मध्ये डेमन हंटर आणि २०२२ मध्ये इव्होकर हे वर्ग येऊन संख्या तेरा झाली. बहुतेक वेळा नवा वर्ग नव्या प्रदेशाबरोबरच आला. नव्या मुलखात नवी माणसे, हे सूत्र ‘आईन’मधील गजपती-नरपतींपेक्षा फार वेगळे नाही.

वर्ग वाढविण्यापेक्षा कमी करणे अधिक वेदनादायक ठरते. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ हा खेळ २००३ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यात शिंपी, आचारी, वास्तुरचनाकार, नर्तक, प्राणी माणसाळविणारा असे तीसहून अधिक व्यवसाय होते. तलवार न उचलता केवळ कपडे शिवून त्या जगात प्रतिष्ठा मिळविता येत असे. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने ही सारी रचना मोडून ३४ व्यवसायांच्या जागी नऊ वर्ग आणले. अनेक कारागीर व्यवसाय ‘व्यापारी’ या एका वर्गात कोंबले गेले, तर प्राणी माणसाळविणाऱ्यांचा व्यवसाय रद्दच झाला. ज्या जेडाय योद्ध्याचे पद पूर्वी दीर्घ प्रयत्नांनी लाभे, ते पहिल्याच दिवशी कोणालाही निवडता येऊ लागले. अकबराने पत्त्यांवर कारागीर आणले होते. येथे कारागिरांना पत्त्यांवरून उतरविले. असंख्य खेळाडू निघून गेले आणि १५ डिसेंबर २०११ रोजी खेळ कायमचा बंद झाला. म्हैसूरच्या राजाचे खेळ लोकांनी नाकारले तेव्हा लोकांकडे आपापले जुने संच होते. या खेळाडूंच्या हाती काहीच नव्हते. काही हौशी तंत्रज्ञांनी २००५ पूर्वीचा खेळ आपल्या स्मृतीतून आणि नोंदींतून पुन्हा उभारण्याचे काम अनेक वर्षे चालविले, ते याच पोकळीमुळे.

प्रदेश पुसला जातो तेव्हा

७ डिसेंबर २०१० रोजी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा ‘कॅटॅक्लिझम’ हा विस्तार आला. यात नवे प्रदेश होतेच. परंतु सहा वर्षे अस्तित्वात असलेले जुने जगही एका महापुरुषी अजगराच्या तांडवाच्या निमित्ताने बदलून टाकण्यात आले. ऑबरडीन हे किनाऱ्यावरील गाव उद्ध्वस्त झाले, एक कोरडी दरी पाण्याखाली गेली आणि ‘बॅरन्स’ या प्रदेशाची उत्तर व दक्षिण अशी फाळणी झाली. मराठवाड्यातील वाचकाला चटकन ओळखीचा वाटावा असा हा रखरखीत माळ होता आणि लक्षावधी खेळाडूंचे पहिले दिवस तेथे गेले होते.

प्रदेशाची फाळणी आणि नामांतर आपल्याला अपरिचित नाही. आपला जिल्हा निजामी राजवटीत आधी नळदुर्ग नावाने ओळखला जाई. पुढे मुख्यालय धाराशिव येथे आले आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून उस्मानाबाद हे नाव रूढ झाले. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, १९८२ मध्ये लातूर वेगळा झाला आणि २०२३ मध्ये जिल्ह्यास धाराशिव हे नाव मिळाले. यांपैकी कोणत्याही बदलाने आधीचे कागद नष्ट केले नाहीत. उर्दू दफ्तरे, जुने गॅझेटियर, घरातील खरेदीखते यांवर पूर्वीची नावे तशीच आहेत, आणि या नावांविषयी वाद घालणारे दोन्ही पक्ष त्याच कागदांचा आधार घेतात. ‘कॅटॅक्लिझम’नंतर खेळाडूपाशी असा कागद उरला नाही. जुना बॅरन्स पाहावयाचा तर तेथे जाण्याची वाटच नव्हती. ज्याचा सर्व्हर, त्याचाच भूतकाळ.

‘प्रदेश’ या शब्दाला ऑनलाइन खेळात आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे बाजारपेठ. ‘पबजी मोबाइल’ हा काही भूमिका-खेळ नव्हे, परंतु महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हे उदाहरण सर्वांत जवळचे आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत तो होता. जुलै २०२१ मध्ये ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने भारतासाठी निराळी आवृत्ती आली आणि तिच्यात रक्ताचा रंग हिरवा करण्यात आला. जुलै २०२२ मध्ये ती आवृत्तीही अडविली गेली व मे २०२३ मध्ये परत आली. ओरिसातील चिताऱ्याने जगन्नाथ रंगविला तोही प्रादेशिक बदलच होता. पण तो खालून वर आला होता. हा वरून खाली आला.

जुन्या आवृत्तीचा प्रश्न

जुना खेळ परत मिळावा, ही मागणी २०१६ मध्ये प्रकर्षाने पुढे आली. ‘नॉस्टॅलरियस’ नावाचा, काही हौशी मंडळींनी विनापरवाना चालविलेला सर्व्हर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची विस्तारपूर्व आवृत्ती खेळावयास देत असे. ब्लिझर्ड या मालक कंपनीच्या कायदेशीर सूचनेनंतर तो एप्रिल २०१६ मध्ये बंद झाला. त्यावर दोन लाखांहून अधिक लोकांनी निवेदनावर सह्या केल्या. अखेरीस २६ ऑगस्ट २०१९ रोजी कंपनीनेच ‘क्लासिक’ या नावाने जुना खेळ खुला केला. २००६ मधील खेळाची आधारसामग्री कंपनीच्या संग्रहात सापडली आणि ती नव्या यंत्रणेवर बसविली गेली. ती सापडली नसती तर काय झाले असते, याची कल्पना अभिलेखागारात काम केलेल्या कोणालाही करता येईल.

येथे कायद्याची अडचण स्पष्ट होते. गंजिफाचा संच विकत घेणारा त्याचा मालक होई. ऑनलाइन खेळ घेणाऱ्यास केवळ वापराचा परवाना मिळतो. मार्च २०२४ अखेर ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला खेळ निरुपयोगी ठरला. त्यातून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली व २०२५ मध्ये युरोपीय संघातील तिच्या निवेदनाने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. भारतात खेळाच्या व्यसनाची, सुरक्षिततेची आणि जुगाराची चर्चा पुष्कळ होते. जतनाची चर्चा जवळजवळ होत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाने या बाबतीत कंपन्यांच्या औदार्यावर विसंबून राहू नये. अपडेटसोबत प्रसिद्ध होणारी बदलांची टिपणे, खेळाडूंनी टिपलेली पडद्यावरील चित्रे, वहीत काढलेले नकाशे, मित्रांना सांगितलेल्या युक्त्या ही सर्व उद्याची साधने आहेत, आणि ती आपल्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांकडे आज आहेत. पदवी स्तरावरील प्रकल्पासाठी मोडी कागदाइतकाच हा विषय योग्य आहे, असे म्हटल्यास ज्येष्ठ सहकाऱ्यांना ते धाडसाचे वाटेल. परंतु रामाच्या राजाने दिवसा आणि कृष्णाच्या राजाने रात्री डाव सुरू करावा हे आपल्याला ठाऊक आहे, ते कोणीतरी हा खेळ लिहून ठेवण्याजोगा मानला म्हणून.

‘क्लासिक’ आवृत्तीचाही इतिहास पुढे सरकलाच. २०२१ मध्ये तिच्यात पहिला विस्तार आला, २०२२ मध्ये दुसरा आणि मे २०२४ मध्ये ‘कॅटॅक्लिझम’. जुने जग त्याच अजगराने तेथे दुसऱ्यांदा मोडले. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२३ मध्ये, काही सर्व्हरवर जुन्याच वर्गांना पूर्वी कधीही नसलेली कामे देण्यात आली. मांत्रिक जखमा बऱ्या करू लागला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीने पुन्हा नवे सर्व्हर उघडले. तेथे नऊ वर्ग होते, आणि बॅरन्स अखंड होता.